पाण्यापर्यंतची वाट

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या शनिवारी, आपल्या धर्मग्रामातील आम्ही चौदा जण पक्षी पाहायला एका तलावावर गेलो होतो. तलावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तिथे घडले ते कुठल्याही तलावावर घडू शकले असते. आमच्यात तीन शाळकरी मुले होती, दोन आजीबाई होत्या आणि चाकाच्या खुर्चीत बसलेले आमचे गुरुजी होते. आमच्यापैकी निम्म्या लोकांना पक्ष्यांची नावे त्यांनीच शिकवली. चौथीच्या वर्गाला ते शाळेमागच्या बावखलावर नेत आणि टिबुकलीने बुडी मारली की ती पाण्याबाहेर कुठे निघेल ते ओळखायला लावत. कोणाचेच उत्तर बरोबर येत नसे, त्यांचेही नाही. सात वर्षांपूर्वी मणक्याच्या आजाराने त्यांचे पाय गेले. हात मात्र अजून घट्ट आहेत.

त्या तलावाच्या बांधावर पक्षी पाहण्यासाठी एक लोखंडी मनोरा उभारलेला आहे. जिना अरुंद, पायऱ्या १९. गुरुजी म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी इथे बसतो." आम्ही ऐकले नाही. चौघांनी खुर्चीचे चार कोपरे धरले आणि त्यांना खुर्चीसकट वर नेले. खाली उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणी तरी फोटो काढला. वरून दृश्य फार सुरेख होते. चक्रवाकांची जोडी होती, थापट्या बदके चोची पाण्याला लावून फिरत होती, आणि वारकऱ्यांचा तर मेळाच भरला होता. काळ्या अंगाच्या आणि पांढऱ्या कपाळाच्या त्या पक्ष्याला आपल्या मराठीत वारकरी म्हणतात, हे मुलांना फार आवडले. गुरुजींनी दहा मिनिटे दुर्बिणीतून पाहिले आणि म्हणाले, "आता खाली चला, तुमचे खांदे भरून येतील."

परतताना गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पक्षी छान होते. पण मी तिथे गेलो नव्हतो रे. मला नेले होते."

त्या वेळी आम्हाला थोडा रागच आला. एवढे कष्ट घेतले आणि वर हे ऐकायचे! रात्री फोटो पाहिला तेव्हा राग ओसरला. फोटोत आम्ही चौघे हसत आहोत. गुरुजींनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले आहेत आणि त्यांचे डोळे मिटलेले आहेत.

शुभवर्तमानातील त्या चौघांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. पक्षाघात झालेल्या मित्राला त्यांनी बाजेसकट आणले, दारात गर्दी होती म्हणून छप्पर उघडले आणि त्याला प्रभूपुढे खाली सोडले. त्या चौघांच्या श्रद्धेवर आपण कितीतरी प्रवचने ऐकली आहेत, आणि ती योग्यच आहेत. पण त्या घराच्या दाराबद्दल कधी कोणी बोलल्याचे आम्हाला आठवत नाही. दारात उभ्या असलेल्यांनी थोडे बाजूला सरून वाट दिली असती तर छपराला हात लावावा लागला नसता. त्या दिवशी मनोऱ्यावर आम्हाला आपण ते चौघे आहोत असे वाटत होते. आता वाटते की एरवी आपण बहुतेक वेळा दारातल्या गर्दीतच असतो.

नंतरच्या आठवड्यात आमच्यात चांगलाच वाद झाला. प्रश्न साधा होता. तळ्याकाठी, पाणथळीत, जिथे पक्षी पाहायला लोक जातात तिथे चाकाच्या खुर्चीला, काठी टेकत चालणाऱ्याला, अंधाला जाता येईल अशी वाट असावी, हे आपले कर्तव्य आहे की ती केवळ एक चांगली सोय आहे? झाली तर बरे, नाही झाली तर कोणाचे काही अडत नाही, अशातली?

एकाचे म्हणणे, असे किती लोक येणार? दोघातिघांसाठी लाखांचा खर्च कशाला? यावर आकड्यांनी उत्तर देता येते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली आणि साठीच्या पुढची माणसे १० कोटींवर होती. पण खरे सांगायचे तर आम्हाला या उत्तरात फारसा रस नाही. कारण ज्याला जिथे जाताच येत नाही, तो तिथे दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून वाट करायची गरज नाही असे आपण म्हणतो. आपल्या देवळाच्या पायऱ्यांना बाजूचा उतार नव्हता तेव्हाही खुर्चीवरून मिस्सेला येणारे कोणी नव्हते. उतार झाल्यावर पहिल्याच रविवारी दोन खुर्च्या आल्या. ती माणसे काही त्या आठवड्यात आजारी पडली नव्हती.

दुसऱ्याचा मुद्दा वेगळा होता. दवाखाना, शाळा, बँक, रेल्वे स्टेशन इथे सोय हवीच; पण पक्षी पाहणे ही हौस आहे, हौसेला हक्क कसा म्हणायचा? हा विचार वरवर पटतो. मात्र तो मान्य केला तर असे होते की धडधाकट माणसाला जगणेही मिळावे आणि जगण्यातला आनंदही, आणि अपंगाला मात्र औषध, पेन्शन व दाखला मिळाला की पुरे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही असा भेद केलेला नाही. त्यात सांस्कृतिक जीवनाचा आणि करमणुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, जागा खाजगी होत गेल्या की रम्य ठिकाणी पोहोचण्याची वाट लोकांना बंद होते, अशी खंत नोंदवली आहे. त्यांच्या मनात कुंपणे होती. आमच्या मते पायरी हेही एक कुंपणच आहे, फक्त ते ओलांडणाऱ्याला दिसत नाही.

तिसरा आक्षेप सर्वात जड होता, आणि तो आमच्यातल्या सर्वात तरुण माणसाने घेतला. हा मुलगा सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन भुईगावच्या किनाऱ्याला हिंडतो. तो म्हणाला, "तुम्ही सगळे माणसांचाच विचार करता. जिथे माणसाची वाट जाते तिथे मागोमाग पिशव्या, बाटल्या आणि मोबाइलवरची गाणी जातात. पाणथळ ही पक्ष्यांची जागा आहे. काही जागा कोणालाच सहज जाता येऊ नये अशा राहू द्या." आमच्यातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला. २०१७ च्या पाणथळ नियमांत, अधिसूचित पाणथळीच्या पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे, बोटीचा धक्का तेवढा अपवाद, हे त्यांनी दाखवून दिले.

या आक्षेपाला आमच्याकडे उत्तर नव्हते. तो खराच आहे. ते उत्तर थोडेसे सापडले ते भरतपूरला.

जानेवारीच्या अखेरीस आमच्यापैकी आठ जण आग्र्याच्या सहलीला गेले. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो, बरोबर होत्या. आग्र्याहून भरतपूर जेमतेम ५५ किलोमीटर. तिथले केवलादेव राष्ट्रीय उद्यान सुमारे २९ चौरस किलोमीटरचे आहे. दारापासून आत केवलादेवाच्या मंदिरापर्यंत एक सपाट डांबरी रस्ता जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यात बाभळी, आणि बाभळींवर चित्रबलाकांची घरटी. तिथे सायकल रिक्षा मिळतात, आणि त्या चालवणारी मंडळी नुसती चालक नसतात. त्यांना पक्ष्यांची माहिती देण्याचे शिक्षण मिळालेले असते. आमचा रिक्षावाला पन्नाशीचा होता. दुर्बीण न लावता दूरच्या फांदीवरचे पिंगळे दाखवीत होता आणि नावे हिंदीत, इंग्रजीत, दोन्हींत सांगत होता.

रिक्षात बसताना गुरुजींना पुन्हा उचलावेच लागले. रिक्षाचे आसन उंच असते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि काही बोललो नाही. खुर्ची घडी करून मागच्या रिक्षात ठेवली. मंदिराजवळ उतरल्यावर गुरुजींनी खुर्ची मागितली, तीत बसले आणि रिक्षावाल्याला विचारले, "पुढचा रस्ता असाच आहे का?" तो म्हणाला, "बिलकुल ऐसा ही, साहब." मग त्यांनी स्वतः चाकांना हात घातला आणि निघाले. आमच्यातला एक जण सवयीने मागे धावला. रिक्षावाल्याने त्याला हाताने थांबवले. "जाने दीजिए," एवढेच तो म्हणाला.

गुरुजी फर्लांगभर गेले असतील. मग रस्त्याच्या कडेला थांबले. त्यांच्यापासून वीस-पंचवीस फुटांवर वारकरी चरत होते, जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्याची देठे पायात धरून सोलत होत्या. कोणी उडाले नाही. आम्ही मागून पाहत होतो. मधेच एक तिरंदाज पक्षी पंख पसरून वाळवायला बसला. गुरुजींनी दुर्बीण उचलली नाही, नुसते पाहत राहिले. पाऊण तास ते एकटे होते. सात वर्षांत ते एवढा वेळ घराबाहेर एकटे कधीच नव्हते, हे आम्हाला मावशींनी सांगितले.

मावशींचेही सांगायला हवे. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाचे डोळे जमिनीवर असतात. पुढे खड्डा आहे का, दगड आहे का, उतार कुठे सुरू होतो, यातच त्याचे सगळे लक्ष जाते. गुरुजींबरोबर त्या सात वर्षे फिरल्या, पण गुरुजी पाहत असताना त्यांनी काहीही पाहिलेले नव्हते. त्या दिवशी त्यांचे हात मोकळे होते. त्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि आमच्या सगळ्यांच्या आधी दूर गवतात सारसांची जोडी त्यांनाच दिसली. "ती बघा, ती बघा," असे लहान मुलीसारखे ओरडल्या. अपंगांसाठी वाट असे आपण म्हणतो तेव्हा हिशेबात एकच माणूस धरतो. प्रत्येक खुर्चीमागे आणखी एक माणूस असतो.

आता त्या रस्त्याची गोष्ट. तो कोणा अपंगासाठी बांधलेला नाही. भरतपूरची पाणथळ मुळात माणसाने केलेली आहे; अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी अजान बांध घातला आणि त्याचे पाणी तिथल्या खोलगट जमिनीत येऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संस्थानाने तिथे बदकांच्या शिकारीची व्यवस्था केली. बांध घातले, पाणी अडवण्या-सोडण्याची दारे बसवली, बड्या पाहुण्यांना बंदुकीसह पाण्याकाठी सुखाने पोहोचता यावे म्हणून रस्ते केले. मंदिराजवळ दगडी पाट्यांवर त्या शिकारींची यादी कोरलेली आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. गुरुजींनी तो आकडा दोनदा वाचला. एका दिवसात पक्षी मारण्यासाठी ज्यांना वाट हवी होती त्यांना ती मिळाली, खर्चाचा प्रश्न कोणी विचारला नाही. आणि नुसते पाहायला येणाऱ्या म्हाताऱ्यासाठी वाट मागितली की पहिला प्रश्न खर्चाचा येतो.

पुढे हीच जागा १९८१ साली रामसर यादीत गेली. ओडिशातील चिलिका सरोवराबरोबर ती भारतातील पहिल्या दोन रामसर स्थळांपैकी एक. १९८५ साली ती जागतिक वारसा ठरली. पण मधल्या एका वर्षाचीही आठवण ठेवायला हवी. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर गुराढोरांच्या चराईला बंदी घातली गेली. आसपासच्या गावांची जनावरे पिढ्यानपिढ्या तिथे चरत होती. नोव्हेंबरमध्ये लोकांचा उद्रेक झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मृत्युमुखी पडले. बंदी कायम राहिली. आणि मग काय झाले? म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत बेसुमार माजले, मोकळे पाणी झाकले जाऊ लागले, आणि बदकांना ज्या उघड्या पाण्याची गरज असते तेच कमी झाले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून हे पुढे आले. पक्ष्यांसाठी म्हणून ज्यांना बाहेर काढले, त्यांच्या जाण्याने पक्ष्यांचेच नुकसान झाले होते.

आमच्या तरुण मित्राला आम्ही हे सांगितले. तो म्हणाला, "म्हशींचे आणि पर्यटकांचे एक करू नका." हेही बरोबर आहे. म्हैस गवत खाते. पर्यटक वेफर्स खाऊन पिशवी टाकतो. बंद करणे म्हणजे आपोआप जपणे असे नव्हे, एवढेच आम्ही त्यातून घेतो. सायबेरियाचे पांढरे क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर भरतपूरला आलेच नाहीत, आणि त्याला कोणा खुर्चीवाल्याची वाट कारण नव्हती.

शेवटी आम्ही ज्या ठिकाणी पोहोचलो ते असे. एखादी जागा इतकी नाजूक असेल की माणसाच्या पायाने तिचे नुकसान होईल, तर ती सर्वांनाच बंद असावी. धडधाकटांना, छायाचित्रकारांना, अधिकाऱ्यांच्या पाहुण्यांनासुद्धा. त्याबद्दल गुरुजींची काही तक्रार नाही. सर्वांबरोबर बाहेर राहण्यात अपमान नसतो. पण जिथे पायांना वाट दिली आहे, तिथे चाकांनाही हवी. निसर्गाच्या नाजूकपणाची आठवण आपल्याला नेमकी अपंग माणूस दारात आल्यावर होते, हे आम्हाला खटकते. त्या तलावावर लोखंडी मनोरा रोवताना, त्याचा पाया खणताना, ती कोणाला झाली नव्हती.

मनोऱ्याचा हिशेब आम्ही नंतर कागदावर मांडून पाहिला. उताराचा सर्वमान्य नियम एकास बारा असा आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. १९ पायऱ्यांची उंची साधारण अकरा फूट धरली तर उतार १३२ फुटांचा होतो, शिवाय मधे विसाव्याचे टप्पे. खर्च खरोखरच मोठा. आम्ही हिरमुसलो. तेव्हा आमच्यातल्या दहावीच्या मुलीने विचारले, "पण मनोरा हवाच कशाला? बांध आधीच पाण्यापेक्षा उंच आहे ना?" खरेच की! बांधावर दाबून सपाट केलेली पाच फूट रुंद वाट, तिच्या टोकाला बांबूचा किंवा कुडाचा आडोसा आणि त्या आडोशाला पाहण्यासाठी एक लांबट फट. एवढ्यात काम भागते, आणि कायमचे बांधकामही नाही. अशा आडोशाला पक्षिमित्र 'लपण' म्हणतात. फट साडेतीन-पावणेचार फुटांवर ठेवली की ती खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यांसमोर येते, आणि मुलांच्याही. उभे राहणाऱ्याने थोडे वाकायचे. मनोरा बांधण्याच्या खर्चात अशा वाटा किती होतील, हे ज्याने त्याने पाहावे.

चिखलाच्या जागी फळ्यांची वाट करायची असेल तर फळ्या आडव्या टाकतात, उभ्या नाही. उभ्या फळ्यांच्या फटीत पुढचे लहान चाक अडकते. कडेला बोटभर उंचीची पट्टी असली की चाक घसरत नाही आणि अंधाची काठीही त्या पट्टीवरून पुढे सरकते. आपल्याच वाडीतल्या एक अंध भगिनी पावशा, भारद्वाज, टिटवी, खंड्या असे कितीतरी पक्षी आवाजावरून ओळखतात, आणि आमच्या त्या तरुण मित्राच्याही आधी. त्यांना कधी कोणी पक्षी 'पाहायला' नेले नव्हते. आम्हीही नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला भरतपूरला कळली. ती सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण तिचा वापर कोणी सोयीचे समाधान म्हणून करील. खुर्चीत बसलेला माणूस आमच्यापेक्षा चांगला पक्षिनिरीक्षक असतो. आम्ही पाच मिनिटांत कंटाळून पुढच्या वळणावर काय आहे ते पाहायला निघतो. उभ्या, चालत्या माणसाला पक्षी बिचकतात. ठरलेल्या वाटेवर सावकाश सरकणाऱ्या रिक्षाला ते फारसे भीत नाहीत, आणि बसून राहिलेल्या माणसाला तर विसरूनच जातात. त्या पाऊण तासात आम्हा सहा जणांच्या यादीत ११ पक्षी झाले होते, गुरुजींच्या यादीत १९. पण त्यांना तिथपर्यंत पोहोचता आले म्हणून. घराच्या ओट्यावर त्यांचे हे सगळे कसब सात वर्षे पडून होते.

आणि ओट्यावरूनच आम्ही आपल्या गावी येतो. गुरुजींच्या घरापासून दोनशे पावलांवर तेच बावखल आहे, जिथे ते चौथीच्या वर्गाला नेत. नव्या पिढीला सांगायला हवे, की आपल्या वसईत वाड्यावाड्यांतून अशी गोड्या पाण्याची बावखले होती. पावसाचे आणि झऱ्याचे पाणी त्यांत साठे, रहाटाने ते उपसून केळी, पानवेली, फुलझाडे शिंपली जात. रहाट गेले, पंप आले, मग कित्येक बावखले भरावाखाली गेली. हे एक उरले, तेही अर्धे. आम्ही पक्षी पाहायला कुठल्या कुठे गेलो, राजस्थानपर्यंत गेलो, आणि दोनशे पावलांवरचे हे पाणी गुरुजींनी सात वर्षांत एकदाही पाहिले नव्हते. मधे एक बांध आहे, दीड फुटाचा. एवढाच.

मे महिन्यात, वाडीच्या मालकांच्या परवानगीने, युवकांनी तो बांध एका जागी उतरता केला आणि पश्चिमेच्या काठाने साठ फूट मुरूम टाकून वाट केली. टोकाला बांबूचा आडोसा बांधला. पहिल्या संध्याकाळी गुरुजी आपल्या हातांनी चाके फिरवत तिथे गेले. टिबुकली होती. तिने बुडी मारली, आम्ही सगळ्यांनी बोटे दाखवली, आणि ती भलतीकडेच निघाली.

जूनच्या दुसऱ्या पावसात अर्धा मुरूम वाहून गेला. चाके रुतू लागली. दाबणे कमी पडले आणि पाणी निघायला कडेने चर काढायला हवा होता, हे आता कळते. पाऊस उघडल्यावर काम पुन्हा करायचे आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता ज्यांना जमेल त्यांनी फावडी आणि घमेली घेऊन यावे. एक सूचना गुरुजींनी आधीच देऊन ठेवली आहे. पूर्वेच्या काठाला, केवड्याच्या बाजूला, कोणीही जायचे नाही, वाट तर मुळीच काढायची नाही. तिथे लाजऱ्या पाणकोंबडीने यंदा पिल्ले काढली आहेत, काळी कुळकुळीत. किती आहेत ते गुरुजींना मोजता आलेले नाही, कारण मुरूम वाहून गेल्यापासून ते पुन्हा ओट्यावर आहेत. मावशी रोज सकाळी जाऊन मोजून येतात आणि त्यांना सांगतात. काल चार होती.